मारियानची टोपी, भारतमातेचे हात : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फ्रान्सच्या प्रजासत्ताकाचं स्त्रीरूप असलेल्या मारियानवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. ती मोठी आहे, मनापासून लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा : देशाला बाईचं रूप देणं ही सरकारांची धूळफेक आहे. ज्यांनी नाण्यावर बाई छापली त्यांनीच खऱ्या बाईला मत नाकारलं. आपली भारतमाता म्हणजे ब्रिटानियाची, ब्रिटनच्या स्त्रीरूपाची, नक्कल, सिंह आणि त्रिशूळसुद्धा तिथूनच उचललेले. आणि आज या पुतळ्यांचं कुणालाच काही पडलेलं नाही, तेव्हा त्यांच्यावर इतक्या आपुलकीने लिहिणं म्हणजे सत्तेच्या जाहिरातीला हातभार लावणं.

मताच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमची बाजू भक्कम आहे आणि ती आणखी भक्कम करता येईल. स्वित्झर्लंडचं स्त्रीरूप असलेली हेल्वेशिया तिथल्या चांदीच्या नाण्यावर १८५० साली आली. स्विस बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं ते ७ फेब्रुवारी १९७१ च्या सार्वमताने, आणि त्या सार्वमतात मत टाकणारे सगळे पुरुष होते. मधली १२१ वर्षं बाई नाण्यावर होती आणि मतपेटीपाशी नव्हती. आपेन्झेल इनररोडन नावाच्या चिमुकल्या प्रांतात तर प्रांताच्या कारभारात बायकांना मत द्या, हे १९९० साली न्यायालयाला सांगावं लागलं. फ्रान्सने १७९२ साली प्रजासत्ताकाच्या मोहोरेवर, म्हणजे सरकारी शिक्क्यावर, स्त्री कोरली, आणि फ्रेंच बायकांना मताधिकार मिळाला १९४४ साली. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर गोव्याचं घ्या. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही गेली आणि १९१२ च्या गोव्यातल्या रुपयावर राजाच्या जागी प्रजासत्ताकाची स्त्री आली. गोवेकर मात्र पुढची जवळपास ५० वर्षं लिस्बनच्याच अमलाखाली राहिले.

इतकं सगळं मान्य. पण यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष, की ही प्रतिमा बाईच्या काहीच कामाची नव्हती, तो मला पटत नाही. ज्यांना हक्क नाकारले होते त्यांनी ही प्रतिमा फेकून दिली नाही, ती हातात घेतली. ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मताधिकारासाठी बायकांचा प्रचंड मोर्चा निघाला. त्या दिवशी सरकारी खजिन्याच्या इमारतीच्या पायऱ्यांवर एक नाट्यप्रसंग सादर झाला, आणि त्यात हेडविग राइशर ही अभिनेत्री अमेरिकेचं स्त्रीरूप असलेली कोलंबिया होऊन उभी राहिली. इकडे रस्त्यावर बघ्यांच्या गर्दीतले पुरुष मोर्चातल्या बायकांना ढकलत होते, शिव्या देत होते. तिकडे पायऱ्यांवर खुद्द देश बाईच्या रूपात त्यांच्या बाजूने उभा होता. तुम्ही ज्या विसंगतीवर बोट ठेवलंत तीच विसंगती त्या बायकांनी भर रस्त्यात लोकांच्या डोळ्यांसमोर मांडली. त्यांना देशव्यापी मताधिकार मिळायला १९२० साल उजाडलं.

हेल्वेशियाचंही असंच. बाझल शहरात ऱ्हाइन नदीवरच्या मधल्या पुलाच्या कठड्यावर ती बसलेली आहे. बेटिना आइखिन या शिल्पकार बाईंनी १९८० साली, म्हणजे मताधिकार मिळाल्यावर नऊच वर्षांनी, ती घडवली. या शिल्पामागची कल्पना अशी की दोन फ्रँकच्या नाण्यावरची हेल्वेशिया एक दिवस नाणं सोडून बाहेर पडली आणि लोकांत मिसळली. हिंडून हिंडून दमल्यावर तिने भाला आणि ढाल बाजूला ठेवली, शेजारी बॅग टेकवली आणि ती नदीकडे बघत बसली. नाण्यावर ती ताठ उभी असते, भोवती प्रांतांचे तारे. पुलावर तिचे खांदे उतरलेले आहेत. मी या विषयावर लिहायला लागले त्याचं एक कारण हे शिल्प आहे. सरकारने घडवलेली बाई एका बाईनेच पुन्हा घडवली. तिची टर उडवली नाही, तिला मानाच्या जागेवरून उतरवलंही नाही. फक्त तिचे पाय दुखतात हे दाखवलं.

आता ‘सरकारी धूळफेक’. इथे मात्र माझा तुमच्याशी पुरता मतभेद आहे, आणि त्याचं कारण मारियानच्या डोक्यावर आहे : तिची लाल टोपी.

प्राचीन रोममध्ये गुलामाला मुक्त केलं की त्याने घालायची एक टोपी असे. फ्रेंच क्रांतीच्या काळात मारियानच्या या लाल, म्हणजे फ्रिजियन, टोपीला तोच अर्थ चिकटला : हे डोकं आता कुणाच्या मालकीचं नाही. १७९२ च्या मोहोरेवर स्त्रीच्या हातात भाला होता आणि त्या भाल्याच्या टोकावर ही टोपी. पुढच्याच वर्षी क्रांतीतल्या जहाल मंडळींना ही स्त्री मवाळ वाटू लागली आणि चित्रकार दाविदच्या सूचनेवरून तिच्या जागी हर्क्युलिस आणायचं ठरलं. तो काही टिकला नाही. १८३० साली राजाला पळवून लावणाऱ्या तीन दिवसांच्या उठावावर चित्रकार दलाक्रवाने जे चित्र काढलं, त्यातली बाई टोपी घालून, तिरंगा उंचावून, हातात संगिनीची बंदूक घेऊन अडथळ्यांच्या ढिगावरून, पडलेल्या प्रेतांवरून पुढे येते. नव्या राजाच्या सरकारने ते चित्र ३००० फ्रँकला विकत घेतलं, थोडे दिवस दाखवलं आणि मग लोकांच्या नजरेआड केलं. या चित्रातल्या बाईची सरकारला जाहिरात करायची असती तर सरकारने तिला लपवलं कशाला असतं? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या भिंतीवर ती लागली १८७४ साली.

१८४८ साली फ्रान्समध्ये पुन्हा प्रजासत्ताक आलं आणि नवी मोहोर घडवायची वेळ आली. त्या मोहोरेवरची स्त्री बघा : ती बसलेली आहे, शांत आहे, डोक्याभोवती सूर्याचे किरण आहेत, आणि टोपी नाही. मालमत्तेला धक्का लागेल या भीतीने धास्तावलेल्या वर्गाला रस्त्यावरची टोपीवाली नको होती, त्यांना बैठकीतली किरणवाली चालत होती. आजही फ्रान्सची मोहोर तीच आहे. आणि तेच किरण तुम्हाला न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्वातंत्र्यदेवीच्या १८८६ च्या पुतळ्यावर दिसतील. पुढे तिसऱ्या प्रजासत्ताकात टोपी परत आली, नगरपालिकांच्या सभागृहांत टोपीवाल्या मारियानचे अर्धपुतळे बसले. १९४० साली देश जर्मनीपुढे पडला, विशी शहरातून चालणारी जर्मनधार्जिणी राजवट आली, तेव्हा ते अर्धपुतळे जागोजाग हलवले गेले आणि त्या राजवटीचा प्रमुख मार्शल पेतँ याची छबी तिथे आली. टोपी कधी आली आणि कधी गेली, एवढंच बघत गेलं तरी त्या देशात त्या-त्या वेळी कोण जिंकलं होतं ते कळतं.

या टोपीची सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र फ्रान्समधली नाही, अमेरिकेतली आहे. मूळ लेखात ती जागेअभावी राहिली होती.

वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या घुमटावर ‘स्वातंत्र्या’चा काशाचा पुतळा आहे, सुमारे सहा मीटर उंचीचा. थॉमस क्रॉफर्ड या शिल्पकाराने १८५५ साली पाठवलेल्या आराखड्यात तिच्या डोक्यावर मुक्तीची टोपी होती. संसदभवनाच्या बांधकामावर देखरेख होती युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांची. ते मिसिसिपीचे, स्वतः गुलामांचे मालक. टोपीचा इतिहास त्यांना पक्का ठाऊक होता. आमचे लोक जन्माने स्वतंत्र आहेत, मुक्त झालेल्या गुलामाची खूण त्यांना शोभत नाही, असा त्यांनी आक्षेप घेतला. क्रॉफर्डने टोपी काढली, तिथे शिरस्त्राण आलं, वर गरुडाचं डोकं आणि पिसारा. म्हणून आज खालून बघणाऱ्याला तिच्या डोक्यावर नक्की काय आहे तेच उमगत नाही.

गोष्ट इथे संपली असती तरी पुरे होती. पण त्या पुतळ्याचा प्लास्टरचा नमुना इटलीहून आल्यावर ज्या कारागिराने तो जोडला होता त्याने पुढच्या कामासाठी पैसे वाढवून मागितले. सुटे भाग कसे वेगळे करायचे ते त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि भाग वेगळे केल्याशिवाय ओतकाम सुरू होत नव्हतं. क्लार्क मिल्सच्या ओतशाळेतल्या फिलिप रीडने ते कोडं सोडवलं. पुतळ्याच्या डोक्यावरच्या लोखंडी कडीत दोर अडकवून, कप्पीने तो हळूहळू वर उचलत नेला. तसं केल्यावर सांधे जिथे जिथे होते तिथे बारीक फट दिसू लागली. फिलिप रीड गुलाम होता. आठवड्याच्या कामाची मजुरी मालकाला मिळे, रविवारच्या कामाचे दिवसाला सव्वा डॉलर तेवढे त्याचे. १६ एप्रिल १८६२ रोजी राजधानीतल्या गुलामांची कायद्याने सुटका झाली, त्यात तोही सुटला. २ डिसेंबर १८६३ रोजी पुतळा घुमटावर चढला, तेव्हा रीड स्वतंत्र नागरिक होता आणि जेफरसन डेव्हिस गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांचे अध्यक्ष होते.

हे वाचून तुम्ही म्हणाल, बघा, माझाच मुद्दा सिद्ध झाला, सत्तेने टोपी काढून घेतली. बरोबर आहे, काढून घेतली. पण एका टोपीची एका मंत्र्याला इतकी धास्ती वाटली, हेही त्यातच आलं. पोकळ शोभेच्या वस्तूवर कुणी असा आक्षेप नोंदवत नाही.

आणि प्रत्येक वेळी या प्रतिमा सरकारच घडवतं असंही नाही. ३० मे १९८९ रोजी बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात कलाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी लोकशाहीच्या देवीचा दहा मीटर उंच पुतळा उभा केला. फोम, प्लास्टर आणि आत धातूचा सांगाडा. न्यूयॉर्कच्या पुतळ्याची हुबेहूब नक्कल करायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून त्यांची देवी मशाल दोन्ही हातांनी धरते. तिचं तोंड माओच्या तसबिरीकडे होतं. ४ जूनच्या पहाटे सैन्याने ती पाडली. या पोरांनी कुठल्या सत्तेची जाहिरात केली?

एका ठिकाणी तुमची भीती मला शंभर टक्के पटते, ते म्हणजे जर्मनीचं स्त्रीरूप, जर्मानिया. १८४८ च्या मार्चमध्ये फिलिप फाइटने फ्रँकफर्टच्या पाउल चर्चमध्ये भरणाऱ्या पहिल्या जर्मन संसदेसाठी तिचं चित्र काढलं. डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट, पायाशी तुटलेली बेडी, हातातल्या तलवारीला ऑलिव्हची फांदी, मागे उगवता सूर्य. साध्या कापडावर घाईने काढलेलं चित्र. ती संसद वर्षभरात मोडली. १८७१ साली जर्मनी एक झाला तो तोफांच्या बळावर, आणि १८८३ साली ऱ्हाइनच्या काठावर रूडेसहाइमजवळ जी जर्मानिया उभी राहिली तिने एका हाताने सम्राटाचा मुकुट उंच धरलाय आणि दुसरा हात तलवारीवर आहे. पायाशी बेडी नाही. फाइटची जर्मानिया स्वतः सुटलेली कैदी होती, ही विजेत्या सैन्याची देवता झाली. दोन्ही एकाच देशाच्या, मध्ये फक्त ३५ वर्षं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन लोकांनी तिला जवळपास निवृत्तच केलं, आणि मला वाटतं बरं केलं. या प्रतिमा निरुपद्रवी असतात असं मी मूळ लेखात कुठेही म्हटलेलं नाही, आजही म्हणणार नाही.

राहिली भारतमाता. इथे तुमचा सूर बराच चढलाय, म्हणून मी जरा सावकाश लिहिते.

सिंह आणि त्रिशूळ ब्रिटानियाकडून आले, हे टिकत नाही. सिंहावर बसलेली, हाती त्रिशूळ धरणारी दुर्गा आपल्याकडे शेकडो वर्षं देवळांत आहे, घराघरांतल्या तसबिरीत आहे. ब्रिटानियाच्या हातात तिचा त्रिशूळ आला तो १७९७ च्या तांब्याच्या पेनीवर, समुद्रावरच्या सत्तेची खूण म्हणून. त्याआधी नाण्यांवर तिच्या हातात साधा भाला असायचा. आणि मुळात ब्रिटानिया तरी इंग्रजांची कुठे? तुर्कस्तानातल्या अफ्रोडिसियास इथे पहिल्या शतकातलं एक शिल्प सापडलंय. त्यात रोमन सम्राट क्लॉडियसने जमिनीवर पडलेल्या एका बाईला धरलंय आणि तिच्यावर वार करायला हात उगारलाय. खाली नाव कोरलेलं आहे : ब्रिटानिया. जिंकलेल्या मुलखाची ही रोमनांनी घडवलेली प्रतिमा. ती रोमन नाण्यांवर गेली, आणि दुसऱ्या चार्ल्सने १६७२ साली तीच उचलून आपल्या तांब्याच्या नाण्यांवर बसवली. एका हरलेल्या, केस धरून ओढलेल्या बाईला त्या देशाने पुढे समुद्राची राणी केलं. देशोदेशींच्या प्रतिमा अशाच एकमेकींच्या वस्त्रांत वावरतात.

छापखाना, नकाशा आणि इंग्रजी शाळा यांच्यामुळे देशाला बाईच्या रूपात चितारायची रीत आपल्याकडे फोफावली, हे मात्र खरं. नाकारायचं कारणच नाही. पण ती रीत घेऊन आपण काय केलं ते बघा. लंडनमधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीच्या छतासाठी १७७८ साली स्पिरिदिओने रोमा या चित्रकाराने एक चित्र काढलं. ब्रिटानिया उंच खडकावर बसलीय, आणि हिंदुस्थान नावाची बाई तिच्यापुढे मोती, जडजवाहीर घेऊन आलीय. पूर्वेच्या संपत्तीचा नजराणा. आता त्याच्याशेजारी अवनींद्रनाथ ठाकुरांचं १९०५ चं चित्र ठेवा, वंगभंगाच्या वर्षातलं. भगवी साडी नेसलेली एक तरुण तपस्विनी. चार हात. एका हातात पोथी, एकात भाताच्या लोंब्या, एकात पांढरं कापड, एकात जपमाळ. शस्त्र एकही नाही, सिंह नाही, नकाशाही नाही. कंपनीच्या चित्रातली हिंदुस्थान परक्या मालकिणीला देते आहे, ही आपल्या लेकरांना देते आहे : अन्न, वस्त्र, विद्या, दीक्षा. याला नक्कल म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्या गावच्या गणेशोत्सवातल्या देखाव्यात भारतमाता उभी करायचे असं तुम्ही लिहिलंय. तिच्या हातांत काय असायचं ते आठवत असेल तर नक्की कळवा. चित्रांतून, कॅलेंडरांतून तिच्या हाती झेंडा, त्रिशूळ, तलवार कधी आणि कुणी दिली, हा मला महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

काशीत तिचं जे देऊळ आहे त्यात तर मूर्तीच नाही. शिवप्रसाद गुप्तांनी बांधलेल्या आणि १९३६ साली गांधीजींनी खुल्या केलेल्या त्या देवळात गाभाऱ्याच्या जागी अखंड हिंदुस्थानचा संगमरवरी उठावाचा नकाशा आहे, डोंगर-नद्यांसकट. ही कल्पना गुप्तांना सुचली ती पुण्यात, महर्षी कर्व्यांच्या आश्रमात जमिनीवर केलेला तसा नकाशा पाहून. खरी बाई या सगळ्यात कुठे आहे, असा तुमचा सवाल होता. विधवांना शिकवणाऱ्या त्या आश्रमात ती होती.

स्वतंत्र भारताच्या सरकारने मात्र २६ जानेवारी १९५० रोजी राजमुद्रा म्हणून निवडलं ते सारनाथचं सिंहशीर्ष. रोजच्या व्यवहारातल्या नाण्यांवर, पासपोर्टवर, न्यायालयांत तेच दिसतं. भारतमाता नाण्यावर आली ती २०२५ साली, संघाच्या शताब्दीनिमित्त काढलेल्या १०० रुपयांच्या स्मारक नाण्यावर. तोवरची ७५ वर्षं ती सरकारदरबारी नव्हती, लोकांच्या मोर्चांत, घोषणांत आणि भिंतींवरच होती. ‘सरकारने लादलेली प्रतिमा’ हे वर्णन निदान तिला तरी बसत नाही. मला स्वतःला ती मोहोरेबाहेर, कुणा एकाच्या ताब्यात नसलेलीच बरी वाटते.

आज कुणाला काय पडलंय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. कीव्हमध्ये नीपर नदीच्या काठावर पोलादी मातृभूमी उभी आहे, चौथऱ्यासकट १०२ मीटर. १९८१ साली सोव्हिएत सत्तेने ती उभारली, तेव्हा तिच्या ढालीवर विळा-हातोडा होता. रशियाच्या आक्रमणानंतर, ऑगस्ट २०२३ मध्ये, कारागीर त्या उंचीवर चढले, विळा-हातोडा कापून खाली उतरवला आणि तिथे युक्रेनचं त्रिशूळचिन्ह बसवलं. पुतळ्याचं नावही बदलून ‘युक्रेनमाता’ झालं. पैसे खासगी कंपन्यांनी दिले होते, तरी युद्ध चालू असताना हा खर्च कशाला, यावरून तिथे जोरदार वाद झाला. काहींचं म्हणणं होतं की पुतळाच पाडा, सोव्हिएत वारसा हवाच कशाला. खर्चाबद्दल आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मला समजतं. ज्या घरातलं माणूस आघाडीवर आहे त्या घराला ढालीपेक्षा ड्रोन महत्त्वाचा वाटणारच. पण डोक्यावर क्षेपणास्त्रं पडत असताना माणसं ढालीवर काय असावं यावर हमरीतुमरीवर येतात, तेव्हा ‘कुणाला काही पडलेलं नाही’ असं मला म्हणता येत नाही.

पुढचा लेख फिनलंडच्या कुमारिकेवर, म्हणजे त्या देशाच्या स्त्रीरूपावर, आहे : रशियाचा दुतोंडी गरुड तिच्या हातातलं कायद्याचं पुस्तक फाडतोय, असं १८९९ साली एदवार्द इस्तोने काढलेलं चित्र, आणि त्याच्या चोरून वाटलेल्या प्रती. त्यावरही तुमचे आक्षेप वाचायला आवडतील, असेच सविस्तर लिहा.